दिनानाथांनी यादी उघडली

"तुम्ही काय केलंत?" चारुलताबाईंच्या हातातला झारा पोह्यांतच राहिला.

"फोन केला," दिनानाथ म्हणाले. "रोहिदासना. म्हटलं, तुमच्याकडची माणसं चारशे ठरलीत, ती तीनशे करा. पहिला भाव कधी शेवटचा नसतो."

"अहो, याद्या झाल्यात! कागदाला हळदकुंकू लागलंय, दोन्हीकडच्या सह्या झाल्यात!"

दिनानाथांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं होतं. ऑर्डर पक्की झाली की दोन दिवस गप्प बसायचं, मग पुरवठादाराला फोन लावून 'काय करू, साहेब अडून बसलेत हो' म्हणत आणखी काहीतरी उपटायचं, ही त्यांची रीत. आता मुलीच्या लग्नात साहेब कुठून आणणार? म्हणून फोनवर त्यांनी बायकोचं नाव पुढे केलं होतं. हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

खरं म्हणजे यादीत त्यांच्या जिवाची गोष्ट एकच होती आणि ती पहिल्याच ओळीत होती. एकुलती एक गीतांजली लग्नानंतर प्रणयबरोबर नेरुळलाच, यांच्या शेजारच्या इमारतीत राहणार होती. तिच्या दारात सकाळी चालत जाता यावं, एवढ्यासाठी दिनानाथांनी बाकी सगळ्याला मान डोलावली होती. चारशे माणसं आली काय नि तीनशे आली काय, त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. खाज होती, दुसरं काय!

प्रणयचे वडील रोहिदास फोनवर एवढंच म्हणाले होते, "बरं. रविवारी येतो."

रविवारी उरणकडच्या त्यांच्या गावातून दोन गाड्या भरून अकरा माणसं आली. पुढे प्रणयची आई, चंदाबाई.

"ताई, तुमी म्हनं तीनशेवर अरून बसल्याव?" तिने आल्या आल्या विचारलं. चारुलताबाईंनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की दिनानाथ घाईघाईने पाणी आणायला उठले.

"तीनशे तं तीनशे. कबूल," चंदाबाई म्हणाली.

"बघ! झालं की नाही?" दिनानाथांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"ते झालं. आता पयल्या ओलीपासून चालू करू. लग्नानंतर पोरगी आमच्या घरात रावील."

दिनानाथांनी तांब्या तसाच खाली ठेवला. "अहो, नेरुळ ठरलंय!"

"मानसं पन ठरली हुती."

"पण मी एका ओळीपुरतंच बोललो होतो!"

"साहेब, मी ईस वरसं मासली इकते. गिऱ्हाईक पयल्यांदा भाव करतं तवा त्याची पिशवी रिकामी असते. मासली घेऊन गेलं नि परत भाव करायला आलं, तं आदी पिशवीतली मासली पाटीत टाकायला लागते. मंग बोलायचं."

दिनानाथ खुर्ची ओढून बसले. एकतीस वर्षांत हे त्यांना एकाही पुरवठादाराने ऐकवलं नव्हतं. त्या बिचाऱ्यांना पुढच्या ऑर्डरची आशा असायची. इथे पुढची ऑर्डर नव्हती. मुलगी एकच होती.

"चारशे करा! पाचशे करा! अख्खं गाव आणा!"

"गाव येनारच हाय," चंदाबाई शांतपणे म्हणाली.

"गीतू, तू तरी सांग यांना!"

गीतांजली खाली बघत म्हणाली, "बाबा, माझं आणि प्रणयचं ऑफिस द्रोणागिरीला. त्याच्या घरून दहा मिनिटं. नेरुळ आम्ही फक्त तुमच्यासाठी कबूल केलेलं."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. दिनानाथांना खरोखरच रडू आलं. "तुम्ही सगळे मिळून मला हवं तेच देत होतात," ते पुटपुटले, "आणि मी मूर्खासारखा फोन केला."

मग रोहिदास खाकरले. "चंदे, आपला वरचा माला रिकामाच हाय ना?"

"हाय की. पोरगी बापाच्या डोल्यांसमोर पायजे ना? मंग बापाला नि आईला घेऊन चला."

"आम्ही? मुलीच्या सासरी?" दिनानाथ ताडकन उठले. "अहो, मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात! लोक काय म्हणतील?"

"वर गच्ची आहे का हो?" चारुलताबाईंनी मध्येच विचारलं. बावीस वर्षं त्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन जिने चढत होत्या.

"गच्ची हाय, जिना येकच हाय, नि मासली तं घरचीच."

चारुलताबाईंनी यादी पुढे ओढली, पहिली ओळ खोडली, नवी लिहिली आणि खाली सही ठोकली. पेन त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं.

"फुकट रावायला लाज वाटते तं म्हैन्याचं भारं द्या," चंदाबाई म्हणाली. "पन येकदा ठरलं की ठरलं. बोलू का आकडा?"

अकराच्या अकरा माणसं दिनानाथांच्या तोंडाकडे बघू लागली.

"नको," ते म्हणाले, आणि आकडा न ऐकताच त्यांनी सही केली.