बागूलकाकांची चावी

बागूलकाकांना आमच्या सोसायटीत कोणाचंही नाव माहीत नाही. माणसं ते फ्लॅटच्या नंबराने ओळखतात. "काय एकशे एक, वॉशर बदललं का?" असं भर लग्नात विचारतात. मी सेक्रेटरी, म्हणून तोंडावर "मॅडम". पाठीमागे मीही दोनशे तीनच.

काका नामपूरकडचे, बोलणं अहिराणी वळणाचं. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या पार्किंगमधली पाण्याची चावी ताब्यात घेतली. सहाला उघडायची, सातला बंद. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं, आणि काढून घ्यायची हिंमतही कोणात नव्हती.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अधू झाला, चाल अडखळू लागली. सगळ्यांनी त्यांची फार काळजी घेतली, म्हणजे त्यांना काहीही करू दिलं नाही. सुनेने हातातला पेला काढून घेतला, मुलाने दाढीला माणूस लावला, आणि मी दोन दिवसांत चावीच्या जागी ऑटोमॅटिक टायमर बसवला. माझ्या कामांच्या यादीत त्यापुढे टिकही केली.

घरी कल्याणी नावाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी, येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने मणी ओवायला दिले.

"हाई काय शे?" काका म्हणाले. "मी काय गजरेवाली हाय?"

दुसऱ्या दिवशी फळीच्या भोकांत बसवायच्या रंगीत खुंट्या. त्या काकांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर सोडल्या. एक माझ्या तुळशीत सापडली.

तिसऱ्या दिवशी तिने खेळणी पिशवीतच ठेवली. "काका, तुम्हाला काय करायचंय?"

"पाणी सोडायचंय."

ती थेट माझ्याकडे आली. चावीला लांब दांडा हवा, भिंतीला कठडा हवा, एक खुर्ची हवी. मी माझी अडचणींची यादी वाचून दाखवली: ओली फरशी, पडले तर जबाबदारी कोणाची, शिवाय टायमर उत्तम चाललाय.

"काका जेवेनासे झालेत," ती म्हणाली.

या मुद्द्यावर माझ्या यादीत काही नव्हतं. मी एका दिवसाची परवानगी दिली. जमलं नाही तर कायमचा टायमर. तीन आठवडे कल्याणीने त्यांच्याकडून कुकरच्या झाकणावर आणि बादलीच्या कडीवर सराव करून घेतला.

ठरलेल्या सकाळी टायमर बंद करून मी घड्याळ घेऊन उभी राहिले. काकांनी उजवा हात दांड्यावर ठेवला, त्यावर डावा, आणि चावी फिरवली. पाणी चढलं.

"जमलं काका. बसा आता."

ते बसले नाहीत. भिंतीवरून प्रत्येक घराचा वेगळा पाइप वर जातो. ते एकेका पाइपवर तळवा टेकवू लागले.

"प्रेशर बघताय?"

"हा पाइप थरथरतोय. एकशे दोन उठल्या, नळ उघडला. तीनशे चार अजून नाय."

दोन्ही घरांत एकेकट्या आजी राहतात.

"रोज बघत होता हे?"

काका पाइपकडेच बघत राहिले. "आमची ही गेली तेव्हा मी इथंच व्हतो. पाणी सोडून गप्पा हाणत बसलो. वर नळ उघडलाच नाय तिनं. मला कळाया पाहिजे व्हतं."

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळाने आजींनी भिंत धरत दार उघडलं.

"गुडघा धरलाय मेला. बागूलांनी पाठवलं ना? पूर्वी स्वतः यायचे. ते आजारी पडले आणि मला विचारणारंच कोणी राहिलं नाही. सांगा, आहे म्हणावं अजून."

मी खाली आले. काकांचा तळवा पाइपवरच होता.

"उठल्यात," मी म्हणाले.

तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.