तिजारे काका आणि डेकखालची बाळंतीण

तिजारे काका कुठल्याही घरात पहिल्यांदा शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून त्या घराची चतुःसीमा म्हणत. आमच्याकडे आले तेव्हा मी दार उघडून उभी होते, बाहेरचा गारठा आत येत होता, आणि ते मफलर सोडत शांतपणे म्हणत होते, "पूर्वेस पार्किंग, पश्चिमेस ओटा, त्यामागे झाडी. उत्तरेस आमचा अमोल. दक्षिणेस कोण?"

दक्षिणेस एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा, मी सांगितलं.

"कुत्रा नोंदीत येत नाही," म्हणाले, आणि आत आले.

ही २००५ सालची गोष्ट. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, अमोलचा, फोन आला, काका गावी झोपेतच गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल दोन पानं लिहावीत असं मनात आहे. रोज थोडं थोडं लिहिते आहे.

अमेरिकेत, श्रूजबरीत, आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लागून होती. अमोल सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर परत यायचा. मला नवऱ्याच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून मी लायब्ररीत जाऊन वाचत बसायचे. काका सहा महिन्यांसाठी आले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर त्या रांगेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच असायचो.

काकांची उभी हयात विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागात गेली. नोटीस लिहायची, नोटीस डकवायची, पंचनामा करायचा. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. अमोलच्या फ्रीजवर त्यांनी चिकटवलेला कागद मी स्वतः वाचला आहे: "खालच्या कप्प्यातील कोथिंबीर सात दिवसांचे आत न वापरल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता हटविण्यात येईल."

मार्चमध्ये बर्फ वितळू लागलं आणि अमोलच्या डेकखालून, मागच्या लाकडी ओट्याखालून, वास यायला लागला. करपलेला लसूण आणि जळकं रबर, दोन्ही एकदम. हिरवळीवर रोज सकाळी छोटे छोटे शंकूसारखे खड्डे दिसत. काकांनी फूटपट्टीनं खड्डे मोजले, वहीत आकडे लिहिले आणि माझं दार वाजवलं.

"पोरी, कोणीतरी कब्जा केला आहे."

कब्जेदार म्हणजे स्कंक होता. मांजराएवढा, काळा, पाठीवर दोन पांढरे पट्टे, शेपूट झुबकेदार. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि काकांना मराठीत सांगत गेले. हे जनावर दिवसा झोपतं, अंधार पडला की निघतं. जमिनीतल्या अळ्या उकरून खातं, गांधीलमाश्यांचं पोळंसुद्धा सोडत नाही. डोळ्यांनी अधू असतं. कुणाच्या मागे लागत नाही आणि सहसा पळतही नाही.

"अन् तो वासाचा फवारा?"

फवारा अगदी शेवटी, मी म्हटलं. आधी पुढचे पाय जमिनीवर आपटतं. नाहीच ऐकलं तर शेपूट उभारतं. तरीही समोरचा हटला नाही तर पाठ वळवतं. कारण एकदा फवारा संपला की पुन्हा भरायला आठवडा-दीड आठवडा लागतो.

काकांनी चष्मा काढून पुसला. "तीन नोटिसा," म्हणाले. "बाप्पा. आमच्या खात्यात तिसरी नोटीस निघालेली मी कधी पाहिली नाही."

त्या दिवसापासून काका डेकपासून बारा पावलांवर खुर्ची टाकून बसू लागले. अंतर त्यांनीच ठरवलं होतं. अंगावर अमोलचा जाड कोट, मांडीवर वही. अंधारू लागलं की बिळातून आधी नाक बाहेर येई, मग सगळी स्वारी, डुलत डुलत. काका अर्धवट उठून उभे राहत.

"बाबा, तुम्ही स्कंकला उठून मान देता?" अमोल एकदा म्हणाला.

"कब्जेदार समोर आला की उभं राहावं. तो बसलेला असेल तर आपणही बसावं."

मे महिन्यात ती स्वारी दिवसाउजेडीही बाहेर पडू लागली. घाईत खायची, घाईत परत जायची, अंग खंगलेलं. काकांनी चार दिवस नोंदी केल्या आणि पाचव्या दिवशी निकाल दिला. "बाळंत झाली आहे." त्याच संध्याकाळी घरातला डिंकाचा लाडू बिळाच्या तोंडाशी ठेवला. सकाळी लाडू नव्हता. वहीत नोंद: "लाडू स्वीकारला." रानातल्या जनावराला खायला घालू नये असं पुस्तकात आहे, हे मी सांगितलं तेव्हा ते ओशाळले. "नियमात नसेल तर नाही," म्हणाले, आणि नंतर कधीच ठेवला नाही.

जूनच्या सुरुवातीला वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली होती. सोमवारी माणूस येऊन बिळाला एक झडप बसवणार होता. त्यातून जनावर बाहेर पडतं, परत आत जाऊ शकत नाही.

"आणि पिल्लं?" काकांनी विचारलं.

"बाबा, प्लीज. पिल्लं आहेत की नाही कुणाला माहीत?" अमोल म्हणाला. "मंडेला तो येणार, काम करून जाणार. नो ड्रामा."

पिल्लं असतील तर ती जेमतेम तीन आठवड्यांची होती. आई बाहेर अडकली की आत उपाशी मरणार. काकांनी मला समोर बसवून अर्ज सांगायला सुरुवात केली. "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, सदर बाळंतिणीस किमान सव्वा महिना..." मी इंग्रजीत लिहीत होते. सव्वा महिन्याचं काय करावं ते कळेना, म्हणून सहा आठवडे लिहिलं.

"पिल्लं किती लिहू?"

काका थांबले. "पाहिली नाहीत मी."

"अंदाजानं लिहू या, काका. चार ते सहा होतात."

"अंदाजानं नाही." वही मिटून ते उठले.

अर्ध्या तासानं मागून अमोलची हाक आली तेव्हा मी धावत गेले. बारा पावलांवरची खुर्ची रिकामी होती. काका डेकपाशी गवतात पालथे पडले होते, खांद्यापर्यंत बिळात, हातात टॉर्च. अमोलनं पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पाणी वाहत होतं, आणि वास असा की माझाच श्वास अडला.

"पाच," ते म्हणाले. "लिही पोरी. पाच. डोळे उघडले नाहीत अजून."

अमोल टोमॅटो ज्यूस आणायला निघाला होता. त्यानं काही होत नाही, मी म्हटलं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण आणायला लावला. काका परसात उलट्या बादलीवर बसले. मी आधी साध्या पाण्यानं त्यांचे डोळे धुतले, मग डोळे सांभाळून पाठीवर ते मिश्रण ओतू लागले. अमोल आत जाऊन खिडक्या लावत होता, रागानं.

"तिनं नोटिसा दिल्या नाहीत का, काका?"

"तिन्ही दिल्या. मी पिल्लं मोजत होतो, हटलो नाही. तिची चूक नाही."

मी दुसरा तांब्या ओतला. काका डोळे मिटूनच बोलू लागले.

"नोकरीत असताना नाल्याकाठच्या सात झोपड्या हटवायच्या होत्या. सहा मी आत जाऊन पाहिल्या. सातवीचं दार लावलेलं होतं. हाक मारली, कोणी ओ दिली नाही. जेवायची वेळ झाली होती. लिहिलं, रिकामी. दुसऱ्या दिवशी पत्रे काढले तर आत बाळंतीण. नवव्या दिवसाची. थंडीचे दिवस होते. तिनं लेकराला पदराखाली घेतलं अन् माझ्याकडे पाहिलं."

"मग?"

"मग सामान रस्त्यावर. साहेब म्हणाले, पंचनाम्यात रिकामी आहे. सही माझी." त्यांच्या हनुवटीवरून फेस ठिबकत होता. "लेकरू जगलं का, मला माहीत नाही. गाव एवढंसं. विचारायला दहा मिनिटं लागली असती. काहून नाही गेलो मी, पोरी?"

मी पाणी ओतत राहिले.

अर्जात शेवटी त्यांनी एक ओळ घालायला लावली: मी स्वतः आत पाहिले आहे. असोसिएशनची मॅनेजर बाई आली, नाकाला रुमाल लावून लांबूनच काकांशी बोलली, आणि जुलैअखेरपर्यंतची मुदत लिहून दिली. काकांनी तिच्याकडून तारीख टाकून घेतली.

पण त्यांची स्वतःची मुदत आधी संपत होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते परत गेले, पिल्लं बाहेर पडायच्या आत. जाताना वही माझ्या हातात दिली. "रोज बस. निघाली की कळव."

मी रोज बसले. जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी आई बाहेर आली, आणि तिच्या मागे पिल्लं, एकामागे एक, शेपट्या उभारून. हिरवळ ओलांडून ती झाडीत गेली. मी लगेच फोन लावला. तिकडे पहाट होती, पण पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"निघाली, काका."

"पाचही?"

"हो. पाचही."

पलीकडे त्यांनी नाक शिंकरलं. "बरं झालं," म्हणाले. "बरं झालं, पोरी."

मला चारच दिसली होती. फोन ठेवून मी पुन्हा बाहेर गेले आणि पार काळोख होईपर्यंत बिळाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले.