दाजींचं पार्सल, मार्गे ठाणे

आमच्या आळीतून कोणी प्रवासाला निघालं की त्याची बॅग तो स्वतः उचलायच्या आधी दाजी उचलून बघतात. मदत करायला नव्हे. आत अजून काय मावेल, याचा अंदाज घ्यायला.

दाजी आमचे शेजारी. एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर. सकाळी दात घासून झाले की लुंगी सावरत कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभे राहतात आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "जाणारो कोण आसा?" मालवणात वस्तू पोस्टाने पाठवायची नसते, माणसाबरोबर पाठवायची असते. औषधं, चष्मे, आंब्याची पेटी, लग्नाची पत्रिका, सगळं कोणाच्या ना कोणाच्या हातून मुंबईला जातं आणि मुंबईहून येतं. हे सगळेच करतात. दाजींनी त्याचं खातं उघडलं, एवढंच.

आणि त्या खात्याचा कायमचा हमाल म्हणजे मी. माझी आई ठाण्याला भावाकडे असते. तिला बरं नसतं. मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून दर महिन्याला एका शुक्रवारी शाळा सुटली की कुडाळला जाऊन रात्रीची गाडी पकडते. रविवारी परतीची गाडी, सोमवारी पुन्हा वर्गात. एवढ्या दमणुकीत आपल्याला कोणी "कशा आहात?" म्हणावं, अशी माणसाची साधी अपेक्षा असते. दाजी म्हणतात, "वयनी, पिशवेत जागा आसा मां?"

पाठवायचा माल म्हणजे सिनेमाच्या डिस्क. दाजींकडे डिस्कनी भरलेलं मोठं काचेचं कपाट होतं. सगळ्या अस्सल. डुप्लिकेट डिस्क घेऊन कोणी आला, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवत. रात्री जेवणं झाली की काकी, म्हणजे त्यांची बायको, कपाटातून एक काढायच्या आणि दोघं बघत बसायची. मारामारी असली की दाजींचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, रडारड असली की काकींचा. काकी गेल्या आणि दोन्ही बंद झालं.

पुढच्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने प्लेयरही गेला. कणकवलीच्या मेकॅनिकने तो जसाच्या तसा परत दिला. डिस्कवर बुरशीचे ठिपके धरायला लागले, तेव्हा दाजी माझ्याकडे आले. "वयनी, इकून टाकूया. कोणाक तरी बघूक तरी गावतीत."

डिस्क जमवणाऱ्यांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला. मी फोटो टाकले, दाजींचा नंबर दिला आणि सुटले, असं मला वाटलं.

गिऱ्हाईक लगेच यायला लागलं. फोनवर दाजी मालवणी बाजूला ठेवून स्टँडवरच्या मराठीत बोलत. "कृपया लक्ष द्या. चित्रपटाच्या शेवटी नायिका मरते. नंतर तक्रार चालणार नाही." शेवट सांगून टाकला म्हणून पुण्याच्या एका माणसाने तक्रार केलीच. दाजींना त्यात चूक कळेना. गाडी कुठे जाणार ते प्रवाशाला आधी सांगायला नको? दुसऱ्या एकाला त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण असता?" तो म्हणाला, एकटाच असतो. "मग हा नको. हा रडण्याचा आहे. एकट्याने बघायचा नसतो. तुम्हाला डाकूंचा देतो." आणि खरंच डाकूंचा दिला. त्या माणसाने निमूटपणे घेतला.

पोस्टाने पाठवायचं मात्र नाव काढायचं नाही. मी त्यांना सांगून बघितलं की पोस्टाने स्वस्तात जाईल, तुम्ही नेणाऱ्याला घावणे आणि चहा देता, त्याहूनही स्वस्तात. ते म्हणाले, "पोस्ट वायट नाय, वयनी. पण पोस्ट परत येवन काय सांगता?"

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. गाडीची वेळ झाली होती.

मुंबईकडच्या गिऱ्हाइकांना दाजी सांगत, "आमची ठाण्याला शाखा आहे, तिथून माल उचला." पहिलं पार्सल घेऊन मी त्या शाखेची बेल वाजवली, तर दार सुधीरने उघडलं. सुधीर म्हणजे दाजींचा एकुलता एक मुलगा.

त्या दोघांचं काय झालं होतं, ते आळीत सगळ्यांना माहीत होतं. काकींचं तेरावं झालं त्या दिवशी सुधीर म्हणाला, बाबा, हा प्लास्टिकचा कचरा विकून टाका आणि माझ्याबरोबर ठाण्याला चला. त्याच्या मनात काळजीच होती. पण कचरा हा शब्द दाजींच्या वर्मी लागला. काकींच्या हाताने लावलेलं कपाट होतं ते. दाजी म्हणाले, "कचरो दिसता तर माझ्या दारात पाय ठेव नको." सुधीरने तो शब्द पाळला. बाप तसा लेक. फोनही नाही.

दारात सुधीरने पार्सलकडे बघितलं. "हे काय?"

"तुमच्या बाबांनी दिलंय. कोणीतरी न्यायला येईल."

"मला विचारलं कोणी?"

"मला तरी कोणी विचारलं?" मी म्हटलं. रात्रभराच्या प्रवासाने माझी मान धरली होती.

त्याने पार्सल घेतलं. ते डिस्कच्या मानाने फारच जड होतं, कारण डिस्क आपटू नये म्हणून दाजींनी तिच्याभोवती कुळथाच्या पिठीच्या पिशव्या बसवल्या होत्या. पिठी तिथेच ठेवायची, असं मला बजावलं होतं. "थंयच रवांदे. परत व्हावन हाडू नकात." पुढच्या वेळी कोकमाची सोलं होती. त्याच्या पुढच्या वेळी सुके बांगडे. ती डिस्क ज्याने नेली त्याने दाजींना फोन करून वासाबद्दल विचारलं. दाजी म्हणाले, "सिनेमा समुद्रावरचाच आहे."

परत आल्यावर माझी चौकशी चाले. डिस्क पोचली का, हे दाजी विचारतही नसत. "दार कोणी उघडल्यान?" "बारीक झालो काय?" "तुमका पाणी दिल्यान मां?" मी ओट्यावर बसून चप्पल काढत उत्तरं द्यायची. तिकडे सुधीरची बायको आता मला चहा द्यायला लागली होती. सुधीर बापाचं नावही काढत नसे. एकदा फक्त, पार्सलची दोरी सोडताना, वर न बघता त्याने विचारलं, "खोकला आहे का अजून?" मी ते दाजींना सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाले, "सांगा तेका, कमी आसा." आणि खोकत आत गेले.

कपाट रिकामं होत चाललं, तशी मला काळजी वाटायला लागली. गंमत वाटणं केव्हाच संपलं होतं. डिस्क संपल्या की सुधीरच्या दारात जायला माझ्याकडे काय कारण राहणार? दाजींनाही ते कळत होतं. त्यांनी गिऱ्हाइकं परतवायला सुरुवात केली. एकाला म्हणाले, तुमचा आवाज मला पसंत नाही. पण बुरशी थांबत नव्हती. जी विकली नाही ती वाया जात होती, आणि काकींच्या डिस्क वाया जाऊ देणं त्यांच्या जिवावर येत होतं.

शेवटी एकच उरली. गेल्या महिन्यात मी निघाले, तेव्हा दाजी ती घेऊन फाटकाशी आले. पार्सलवर नेहमीसारखं एसटीच्या पाटीएवढ्या अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहिलं होतं. गाव होतं कुडाळ.

"दाजी, हा माणूस कुडाळचा आहे. मी कुडाळलाच चाललेय गाडी पकडायला. जाता जाता देते."

"नको. ठाण्याक शाखेत देवा."

"अहो, मग त्याने ती कशी घ्यायची? कुडाळहून ठाण्याला जाऊन?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या बॅगेची चेन उघडली, आतले कपडे एका बाजूला केले आणि पार्सल बसवलं. "तेका घाई नाय," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि लगेच गेला. इतका शहाणा, आयुष्यभर गाड्यांना मार्ग दाखवलेला माणूस, आणि कुडाळचं पार्सल ठाण्यामार्गे पाठवतो. कुडाळ स्टेशनवर पार्सल मांडीवर घेऊन बसले आणि ते तसंच पुढे नेलं.

सुधीरने दारातच गाव वाचलं. दोनदा वाचलं असावं.

"हे कुडाळचं आहे."

"हो."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांनीच लिहिलंय. आणि ही शेवटची. आता माझी फेरी बंद."

तो पार्सल धरून उभा राहिला. आतून त्याची बायको, "अहो, त्यांना आत तरी घ्या," म्हणाली, तेही त्याला ऐकू गेलं नाही. पार्सल उलटसुलट करत तो म्हणाला, "हे परत न्यावं लागेल."

"मी नेते ना. रविवारी जातेच आहे."

"नको, वहिनी. तुम्ही किती ओझी वाहणार?" त्याने ते पार्सल काखेत घट्ट धरलं. "मीच देऊन येतो."

जिन्यातच मी दाजींना फोन लावला. सुधीर येतोय म्हणून सांगितलं. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा "दाजी, दाजी" म्हटलं.

"आसंय," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "वयनी, ठेवतंय. माका मासळीच्या बाजारात जावक होया. तेका सुंगटां ताजीच लागतत."

जिन्याच्या पायरीवर बसून मी डोळे पुसले. मग हलकी झालेली बॅग उचलून आईकडे गेले.