तापीवरचं हिरवं शीड

"माथेरान? पैसेवाल्यांचं खूळ!" शिरपूरच्या कापूस-जिनातले कारकून अभिमनभाऊ ओसरीवर गरजले. "आपली तापी कशाला आहे? उन्हाळ्यात पात्रात बेटं उघडी पडतात. शिडाची होडी घ्यायची, या बेटावर जेवायचं, त्या बेटावर झोपायचं! अशी सफर करू, की गव्हर्नरसाहेब पत्ता विचारत येईल!"

भाऊ एकदा कापसाच्या गाठी घेऊन सुरतेला गेले होते आणि धक्क्यावर उभं राहून त्यांनी जहाजं पाहिली होती. तेव्हापासून ते स्वतःला जहाज हाकणारा तांडेलच समजत.

"त्यापेक्षा माहेरी नेलं असतं तर..." बायको प्रमिलाबाई चुलीपुढून पुटपुटली.

"त्या गावाचं नाव काढू नको!"

मेहुणा धनसिंगच्या लग्नात जावयाला आहेराचा फेटा द्यायचा राहून गेला होता. तेव्हापासून भाऊ रुसलेले आणि प्रमिलाबाईचं माहेर, तापीकाठीच असून, तुटलेलं.

होडी लगेच मिळाली. छगन भोई खूश होऊन म्हणाला, "भाऊ, उन्हाळामा नावमा कोन बसस? बठ्ठा लोके नदीमाईन पायीच जातस. खुशाल लई जा!"

या बोलण्यात काही इशारा असेल, असं भाऊंना वाटलं नाही.

शिडाला कापड हवं होतं. भाऊंनी पेटीतून लाल काठाचं हिरवं लुगडं ओढलं.

"अहो, ते भाऊबीजेचं! धनसिंगनं दिलेलं!"

"म्हणूनच! त्याचं काहीतरी एकदा कामी येऊ दे!"

सकाळी होडी निघाली. जायचं होतं पश्चिमेला, बेटांकडं. पण वाराच पश्चिमेकडून सुटला. लुगडं वरमाईसारखं फुगलं आणि होडी गर्रकन फिरून पूर्वेला पळत सुटली!

"अहो, बेटं मागं राहिली!"

"वळसा घेतोय!" भाऊ वल्ह्याला लोंबकळत ओरडले.

वळसा असा लांबला, की ओळखीची शेतं संपली, पलीकडची लागली. शेवटी होडी वाळूत रुतली, डोलकाठी कडाडली, भाऊ तोंडावर पाण्यात पडले आणि लुगडं सुटून प्रवाहात निघून गेलं. पाणी गुडघाभर होतं. शेजारीच टरबुजाची वाडी होती. प्रमिलाबाई शांतपणे उतरली आणि राखणदाराच्या झोपडीत सावलीला जाऊन बसली. भाऊ डोळ्यांतली वाळू काढत होते, त्यांना काही दिसलं नाही.

लुगडं वाहत खालच्या घाटाला लागलं, आणि तो घाट नेमका प्रमिलाबाईच्या माहेरचा. तिथं धुणं धुणारी बेबाबाई किंचाळली, "बाई बुडनी व माय!"

गाव धावलं. कुणी दोर घेतला, कुणी बाज, कुणी नुसताच ढोल! सगळ्यांच्या पुढं धनसिंग होता. त्यानं लुगडं उचलून छातीशी धरलं.

"हाई ते मन्ही अक्कानं लुगडं शे!"

मग तो नदीतून, पडत-धडपडत, वर रुतलेल्या होडीकडं पळाला.

"दाजी! अक्का कोठे शे?"

भाऊंनी मागं पाहिलं. होडी रिकामी! पुढं पाहिलं, पाणीच पाणी! जिनातला रुबाब, फेट्याचा रुसवा, काहीच आठवेना. साऱ्या गावादेखत, जन्मात पहिल्यांदा ते ओरडले, "प्रमिला! अगं प्रमिला!"

झोपडीतून टरबुजाची फोड हातात घेऊन प्रमिलाबाई बाहेर आली.

"अगं बाई! चारचौघांत नावानं काय हाका मारता?"

धनसिंग तिच्या गळ्यात पडून रडला. भाऊही रडले, विचारणाऱ्यांना वाळू गेली म्हणून सांगितलं.

"दाजी, चुकनू मी," धनसिंग डोळे पुसत म्हणाला. "आते बठ्ठा उन्हाळा आठेच राहवानं!"

प्रमिलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर असं हसू होतं, की नाही म्हणायला भाऊंना जीभ उचलेना.

"राहू," ते म्हणाले. "पण आम्ही सफरीला निघालोय. येऊ ते होडीतूनच!"

जावयाचा मान! गावानं होडी उचलून बैलगाडीवर चढवली. प्रमिलाबाई कधीच भावाबरोबर पुढं पळाली होती. भाऊ एकटेच वल्हं धरून ताठ बसले आणि वाजतगाजत गल्लीत शिरले. चौकात त्यांनी हात उंचावून हुकूम सोडला, "डावीकडं घ्या!"

बैल उजवीकडं वळले आणि थेट गोठ्यात जाऊन थांबले.