वेणी मैदानावर घालायची

वरसे गावात संध्याकाळी मोकळ्या केसांनी चाललेली मुलगी दिसली, की ती शालनमॅडमच्या व्हॉलीबॉलला निघाली आहे असं समजावं. वेणी घरून घालून यायची नाही, हा मॅडमचा पहिला नियम. मैदानावर रांगेत उभं राहायचं आणि मॅडमच्या डोळ्यांदेखत आपली वेणी आपणच घालायची. आरसा नाही, मैत्रिणीची मदत नाही.

तिन्हीसांजेला पोरी केस सोडून फिरतात म्हटल्यावर आम्ही आया खवळलो. तक्रार घेऊन गेलो, त्यात मी सर्वांत पुढे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "केस नाय बघत गो मी. हात कुठवर जातो तो बघते. दुखरा खांदा एखादा स्मॅश मारून नेतो. पण डोक्यामागे तीन पेडांशी झुंजायला लागला, की कोपर आपोआप खाली येतं." चहा पिऊन आम्ही परत आलो.

मॅडम रोह्याच्या एका शाळेत पीटी शिकवतात. मूळच्या पेणकडच्या, मिठागराच्या गावातल्या. राहतात एकट्या, माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणून त्यांच्या पट्ट्या कापतात आणि प्रत्येक मुलीला एकेक देतात. ती खिडकीच्या गजाला बांधायची आणि रोज ओढायची. आमच्या खिडकीचा एक गज त्यातच निखळला. ठरलेले फटके मारून झाले, की मॅडम चेंडू काढून घेतात आणि सरळ त्यावर बसतात. कुणी कुरकुरलं, की म्हणतात, "पेणला गणपतीचा हात तुटला तर जोडून मिळतो. तुझा नाय मिळायचा."

हे वेड मैदानापुरतं असतं तर ठीक होतं. एकदा एसटीत दांड्याला लोंबकळणाऱ्या एका अनोळखी बाईला त्यांनी व्यायाम शिकवायला घेतला. ती बिचारी कोलाडपासून रोह्यापर्यंत स्वतःची ओढणी ताणत आली.

त्यांचे कुर्ते मीच शिवते. पुढे पूर्ण बटणं, बगलेतला मुंढा ढगळ. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माप घे, चौकशी नको." केस मानेपर्यंत कापलेले. मला वाटायचं, खेळाडू बाई, आवड असेल.

माझी मनाली नववीत आहे, मॅडमच्याच टीममध्ये. पेणच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "आई, केस कापू? उकडतं." तेल वाचेल, उवांचा घोर मिटेल, म्हणून मी खुशीनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या सगळ्या वेण्या घालत होत्या आणि ही हात खाली सोडून हसत उभी. मॅडमनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि टीममधून काढलं.

पोर रडत घरी आली. मी तशीच तणतणत शेजारी गेले. "केस कापले म्हणून काढता? तुमचे काय गुडघ्यापर्यंत आहेत?"

मॅडम चिडल्या नाहीत. "तिला बोलाव. म्हणावं, ओढणीची गाठ पाठीमागे मारून दाखव."

मनालीनं डावा हात मागे नेला. उजवा कमरेपाशीच अडला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. मग सगळं बाहेर आलं. सर्व्हिस पक्की व्हावी म्हणून ती रोज घरामागच्या भिंतीवर चोरून चेंडू मारत होती. खांदा दुखायला लागला, पण सांगितलं तर पेणला नेणार नाहीत, म्हणून गप्प राहिली. अख्ख्या गावातल्या बायकांचे खांदे मी मापते आणि माझ्याच पोरीचा मला दिसला नाही. गळ्यातल्या टेपची मला लाज वाटली.

डॉक्टरांची वेळ मिळाली ती पेणला, नेमकी स्पर्धेच्याच दिवशी. मॅडमनी टीम दुसऱ्या बाईंच्या हवाली केली आणि दवाखान्यात येऊन आमच्या शेजारी बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुमचा सामना आहे." त्या म्हणाल्या, "माझ्याबिगर पण हरता येतं त्यांना."

डॉक्टरांनी सगळं तपासलं. फाटलंबिटलं काही नव्हतं. स्नायू दमले होते. दीड महिना चेंडूला हात लावायचा नाही, सांगितलेले व्यायाम करायचे, मग हळूहळू खेळायचं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मॅडम उठून दारापाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि मनालीला म्हणाल्या, "अख्खा हाय गो हात तुझा."

टीम खरंच हरली. परतीच्या एसटीत वडखळ मागे पडल्यावर मॅडम खिडकीकडे बघत बोलायला लागल्या. "मी पण केस कापलेले. टीमच्या निवडीच्या आधी. वेणी घालायला हात जात नव्हता. आईस वाटलं फॅशन, सरांस वाटलं फॅशन. निवड झाली, मग वर्षभरात हातच गेला. मला कुणी विचारलंच नाय गो." मी त्यांचा हात माझ्या हातात धरून ठेवला, रोहा येईपर्यंत.

दिवाळीपर्यंत मनालीच्या केसांची उंदराच्या शेपटीएवढी वेणी व्हायला लागली. रांगेत उभी राहून ती घालते, कोपर कुठेही खाली न येता. मी रोज काहीतरी निमित्त काढून बघायला जाते.

गेल्या रविवारी मॅडम दुकानात आल्या. इतक्या महिन्यांत त्यांनीही केसांना कात्री लावली नव्हती, ते खांद्यावर आले होते. हातात कंगवा आणि रबर. मनालीसमोर स्टुलावर पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "घाल गो. माझा हात नाय जात तिथवर."

मनालीनं घातली. केस आखूड, वेणी सारखी सुटत होती. तिनं तीनदा सोडून तीनदा घातली. मॅडम हलल्या नाहीत. मग डावा हात मागे नेऊन त्यांनी ती इवलीशी वेणी चाचपून पाहिली.

"सैल झाली," मनाली म्हणाली.

"होऊ दे," मॅडम म्हणाल्या. "उद्या परत येते."