जर्मन गाडीतला साग

वच्छलाला पाहायला वरोऱ्याहून पाहुणे आले आणि पहिला तासभर वच्छलाकडे कोणी पाहिलंच नाही. ती नवं लुगडं नेसून, चिवड्याचं ताट घेऊन दाराआड उभी राहून राहून कंटाळली. मुलाचे वडील बापूजी उरकुडे अंगणात भैयाजींच्या मोटारीखाली डोकं घालून बसले होते. घरधनी भैयाजी बोढे शेजारी उकिडवे बसून, ते डोकं लवकर बाहेर यावं म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि अख्ख्या जिल्ह्यात दोन दारांच्या जर्मन मोटारी दोनच होत्या. लढाईच्या आधीच्या, एकाच कारखान्यातल्या. लांब नाक, उतरती पाठ आणि रस्त्यावर उभी असली तरी पळत असल्यासारखा रुबाब. एक खाणीवरच्या साहेबानं विलायतेला जाताना भैयाजींना विकली होती. दुसरी नागपूरच्या एका बॅरिस्टराकडून जिनिंगवाल्या बापूजींकडे आली होती. अशा गाडीला कूप म्हणतात, असं साहेबानं जाताना सांगितलं होतं. भैयाजी आलापल्लीच्या सागवनातले कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे पट्टे, लिलावात घेऊन तोडणारे ठेकेदार. ही गाडी आपल्या नशिबातच लिहिलेली होती असं त्यांनी तेव्हापासून धरूनच ठेवलं.

बापूजींनी आपल्या गाडीचं सोवळं पाळलं होतं. जर्मन माणसानं जे जिथे बसवलं ते तिथेच राहिलं पाहिजे, ही त्यांची निष्ठा. भैयाजींचं उलट होतं. त्यांच्या हाती गाडी आली आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. जंगलातल्या नाल्यांत पोट घासतं म्हणून त्यांनी बिरजू मिस्त्रीकडून ट्रकच्या उंच स्प्रिंगांच्या कमानी घालून घेतल्या. इंजिनाला दम लागतो म्हणून बॉनेटला भोकं पाडली. सायलेन्सर कापून आखूड केला, तेव्हा बाजारातले बैल दावी तोडून पळाले आणि भैयाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

इथवर ठीक होतं. पण मागच्या पावसाळ्यात गाडीला उधई लागली. या गाड्यांचा सांगाडा लाकडाचा, वरून नुसता पत्रा. उधईनं फळ्या खाल्ल्या, दारं खाल्ली, आणि एक दिवस भैयाजींनी ब्रेक दाबायला पाय टेकवला तो थेट रस्त्यावर टेकला. तेव्हा मुखरू सुताराच्या पडवीत वच्छलाच्या आंदणाचा साग पडला होता. पलंगासाठी आणि कपाटासाठी आलापल्लीच्या डेपोतून रीतसर पास काढून, हातोड्याचा शिक्का मारून आणलेला, सरळ रेषेचा, सोन्यासारखा. भैयाजींनी आधी दोनच फळ्या मागितल्या. दोनाच्या चार झाल्या, मग दारं झाली. शेवटी मुखरूच्या पडवीत भुसा राहिला. भैयाजींच्या पत्नी गुणाबाई दर महिन्याला पलंगाचं विचारायच्या आणि भैयाजी दर महिन्याला लाकूड अजून वाळतंय म्हणून सांगायचे. लग्न जमेपर्यंत दुसरा साग आणून ठेवू असं त्यांच्या मनात होतं, आणि मनातच राहिलं होतं.

बापूजींचं डोकं एकदाचं मोटारीखालून बाहेर आलं.

"भाऊ, तुमची गाडी माह्या गाडीपेक्षा वीतभर उंच काऊन दिसून राह्यली?"

भैयाजींनी चाकावरची धूळ झटकली. "उंच नाई जी. तुमची बसली असन. वरोऱ्याकडं काळी जमीन हाये."

बापूजींना ते पटलं. धुळीनं भरलेला हात त्यांनी भैयाजींच्या खांद्यावर ठेवला. "मी माह्या गाडीचा एक खिळा बदलला नाई. तुमी?"

"मी बी नाई," भैयाजी म्हणाले. जिभेला हाड नसतं, ती वळायची तशी वळली.

"मंग मले घर पसंत हाये. जो वस्तूत फेरफार करत नाई, तो शब्दात बी करत नाई." एवढं बोलून बापूजी हात धुवायला गेले, मग त्यांनी वच्छलाला पाहिलं, आणि मुलगी तर त्यांना पाहताक्षणीच आवडली. घरात आनंदीआनंद झाला. भैयाजींनी मात्र चिवड्याचं ताट तसंच पुढे सरकवलं.

आता एकच गोष्ट उरली होती. वच्छलाचे मामा आलापल्लीला असत, आणि मामाच्या होकाराशिवाय सुपारी फुटायची नाही. बापूजींनीच काढलं की दोन्ही गाड्या घेऊन जाऊ, जंगलही पाहणं होईल आणि कोणाची गाडी कशी चालते तेही कळेल. भैयाजींनी टाळायचा खूप प्रयत्न केला. उन्हाळा सांगितला, अस्वलं सांगितली. पण गुणाबाई भावाकडे जायला कधीच्या तयार होऊन बसल्या होत्या.

वैनगंगेच्या वाळूतच निकाल लागला. भैयाजींची गाडी ट्रकच्या कमानींवर डौलात पार झाली आणि बापूजींची सोवळ्यातली गाडी पोटावर बसली. गावातल्या बैलजोड्या लावून ती ओढून काढावी लागली. तिच्या खालून काहीतरी तुटून लोंबत होतं. ती आष्टीला एकाच्या खळ्यात ठेवून बापूजी भैयाजींच्या शेजारी येऊन बसले. ते हिरमुसले होते, पण माणूस दिलदार. रस्ताभर ते भैयाजींच्या गाडीची तारीफ करत राहिले. एकाच कारखान्याची गाडी, पण जतन करणाऱ्याच्या हातात गुण असतो, म्हणाले. अशा वेळी गप्प राहावं एवढी अक्कल भैयाजींना होती, पण तारीफ ऐकून ती विरघळली. जर्मनीत लाकूड कसं निवडतात, किती वर्षं तेल पाजतात, हे ते पन्नास वेळा जर्मनीला जाऊन आल्यासारखे सांगू लागले. मागच्या अरुंद बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या गुणाबाई सगळं ऐकत होत्या.

मामांनी होकार दिला, कोंबडं कापलं, आणि दुपार कलताना मंडळी परत निघाली. वाटेतल्या नाल्यात भैयाजींनी बापूजींना गाडीचा जोर दाखवायचं मनात आणलं आणि वेग न आवरता ती पाण्यात घातली. पाणी कारंज्यासारखं उडालं, खिडकीतून आत आलं. गाडी पार झाली, पण बापूजींच्या बाजूच्या दाराचं आतलं कातडी अस्तर भिजून सुटलं आणि कुत्र्याच्या कानासारखं खाली लोंबलं. आतून नवाकोरा, पिवळाधमक साग दिसू लागला. भैयाजींनी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने ते अस्तर वर धरून ठेवलं. बापूजींना वाटलं, व्याही प्रेमानं आपल्या अंगावरून हात टाकून बसलेत. त्यांना भरून आलं.

पुढे जंगलखात्याचा नाका होता. रस्त्यावर आडव्या लाकडी बल्लीजवळ वारलू मडावी नावाचा नाकेदार उभा होता. भैयाजींना तो ठेकेदार म्हणून ओळखत होता आणि रामराम करून बल्ली उचलणारच होता. पण रामराम करायला भैयाजींनी सवयीनं दोन्ही हात जोडले, आणि अस्तर खाली आलं.

वारलूनं दाराला नाक लावलं. ओल्या सागाचा वास जंगलातल्या माणसापासून लपत नाही. त्यानं खाली वाकून पाहिलं, फळ्यांवर बोटानं टकटक केलं आणि खिशातून टेप काढला.

"साग हाये भाऊ. ताजा कापलेला. पास?"

"मोटारीले कायचा पास?"

"मोटारीले नाई. सागाले."

"जर्मन लाकूड हाये ते," भैयाजी म्हणाले. आपला आवाज त्यांना शेजारच्या गावातून आल्यासारखा वाटला.

वारलू शांतपणे फळ्या मोजत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बिनशिक्क्याचा साग नाक्यावरून गेला तर त्याची नोकरी जायची, आणि सापडलेल्या लाकडासकट वाहन अडकवून ठेवायचं, हा खात्याचा कायदा भैयाजींना स्वतःलाच तोंडपाठ होता. इथे तर लाकूड आणि वाहन एकच. होणाऱ्या व्याह्यासमोर चोरीच्या सागाचा पंचनामा, आणि तोही ठेकेदारावर. पोरीचं जमलेलं लग्न या बल्लीखाली अडकलेलं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात बापूजी खाली उतरले. ते चिडले होते, पण भैयाजींवर नाही. "अरे बाबा, माह्यापाशी अशीच गाडी हाये. या माणसानं एक खिळा बदलला नाई. मी जामीन राह्यतो."

वारलूला कोडं पडलं. नाक्यामागे मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला देवाचा दगड होता. त्या मुलखात त्या दगडावर हात ठेवून खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. चोरसुद्धा तिथे खरं बोलायचे, आणि वारलू त्या शपथेवर माणसं सोडायचा. त्यानं दगडाकडे बोट केलं. देवावर हात ठेवून सांगा, मी बल्ली उचलतो, म्हणाला.

बापूजींनी ताडकन वहाणा काढल्या आणि ते दगडाकडे चालू लागले. मोकळा, निश्चिंत माणूस. दुसऱ्याच्या खोट्याची शपथ घ्यायला निघालेला. भैयाजींना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. क्षणभर त्यांच्या मनात आलंही की हात ठेवू दे, बल्ली उघडेल, सगळं निभावेल. तसं मनात आलं याचीच त्यांना आयुष्यभराची लाज वाटली. बापूजींचा हात दगडापासून टीचभर असताना त्यांनी तो धावत जाऊन धरला.

"थांबा बापूजी. मी खोटं बोललो. साग आलापल्लीचाच हाये. चोरीचा नाई, पास होता, शिक्का रंध्याखाली गेला. पण तो..." त्यांनी गाडीकडे न पाहता सांगितलं, "तो वच्छलाच्या पलंगाचा हाये. अन् कपाटाचा."

मग गाडीचं दार उघडलं आणि गुणाबाई गुडघे मोकळे करत उतरल्या. त्या ओरडल्या असत्या तर भैयाजींना बरं वाटलं असतं.

"पलंग कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

भैयाजींनी गाडीच्या तळाच्या फळ्या दाखवल्या.

"अन् कपाट?"

भैयाजींनी दोन्ही दारं दाखवली. "वरचा कप्पा छतात गेला," ते पुटपुटले. एकदा तोंड उघडलं तशा कमानीही बाहेर आल्या, भोकंही आली, सायलेन्सरही आला. ट्रकच्या कमानींचं ऐकताना बापूजींनी डोळे मिटून घेतले. भैयाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वारलूनं टेप गुंडाळून खिशात टाकला. "जा भाऊ," तो म्हणाला. "असं खोटं रचून कोणी आपल्या अंगावर घेत नाई." त्यानं बल्ली उचलली, आणि गाडी जाईपर्यंत शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहत उभा राहिला.

पुढचा रस्ता भयंकर गेला. बापूजी वहाणा हातात घेऊन गाडीत चढले आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसले. भैयाजींनी दोनदा विनवलं की पाय मोकळे सोडा, रग लागेल. सुनेच्या पलंगावर सासऱ्यानं पाय कसे ठेवायचे, एवढंच बापूजी म्हणाले. खड्डा आला की ते मांडी घातलेलेच वर उडत आणि तसेच खाली येत. सोयरीक मोडली, हे भैयाजी धरूनच चालले होते. मोडली तर दोष एकट्या आपला, आणि वच्छलाला काय तोंड दाखवायचं, हा विचार त्यांना आष्टीपर्यंत कुरतडत राहिला.

आष्टीला बापूजी उतरले. मांडी सुटेना म्हणून भैयाजींनाच त्यांना धरून उतरवावं लागलं.

"भाऊ, तुमी मले लई खोटं सांगतलं," बापूजी म्हणाले. "माही जमीन काळी हाये म्हणून गाडी बसली, असं म्हनलं. ते मी इसरनार नाई. पण देवापुढं माहा हात धरला, ते बी इसरनार नाई. पोरगी आमचीच."

भैयाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच नवा साग आणायचं, शिसवीचा पलंग करून द्यायचं, काय काय कबूल करायला सुरुवात केली. गुणाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"नवं कायले? पलंग बी तयार हाये, कपाट बी तयार हाये. पोरीचं आंदण पोरीसंगं जाईन."

भैयाजींनी बापूजींकडे आशेनं पाहिलं. फेरफार केलेली गाडी हा माणूस दारात उभी करणार नाही, अशी त्यांची खात्री होती. बापूजी त्या ट्रकच्या कमानींकडे, त्या भोकांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग खळ्यात पोटावर बसलेल्या आपल्या गाडीकडे त्यांनी पाहिलं.

"पलंग हाये म्हटल्यावर नाई कसं म्हणावं," ते म्हणाले.

लग्न वैशाखात झालं. आंदण मांडलं तेव्हा भांड्यांच्या रांगेत, हळदीकुंकू लावून, मोटार उभी होती. बायका दारं उघडून पाहत आणि कपाट छान झालं म्हणत. निघायच्या वेळी वच्छला नवऱ्याशेजारी बसली. भैयाजींनी सवयीप्रमाणे दार धाडकन लावलं.

"बाबा," वच्छला खिडकीतून म्हणाली, "आस्ते लावा ना. माह्या कपाटाचं हाये ते."

भैयाजींनी दार पुन्हा उघडलं आणि दोन्ही हातांनी, अगदी हळूच लोटलं. ते काही लागेना. पुन्हा जोरात ओढायचा त्यांना धीर झाला नाही. गाडी चालू झाली, तसे ते दार बाहेरून धरून तिच्या बाजूनं चालत राहिले, आणि गावाची शीव आली तरी त्यांनी सोडलं नाही.