कायदा की शेतकी: रिठदच्या बैठकीचा वृत्तान्त

माणसाला स्वतःला कायदा कळला नाही तरी त्याचं काही अडत नाही. शेजाऱ्याला कळला तर मात्र फार अडतं.

सन १९५८ साली वाशिमकडच्या एका शाळेनं कॉलेजच्या आधीच्या वर्गाला ‘कायदा’ हा विषय सुरू केला. (नको असेल त्याला शेतकी.) रिठदहून त्या वर्गापर्यंत एकच विद्यार्थी पोचला होता, प्रयागबाईंचा मुलगा. फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा होता आणि एकदा भरलेला विषय बदलून मिळणार नव्हता. इतका गंभीर प्रश्न घरच्या घरी सोडवणं बेजबाबदारपणाचं झालं असतं, म्हणून बुधवारी पारावर बैठक बसली. मी चिटणीस होतो.

प्रयागबाई विधवा. त्यांच्या शेताला चार धुरे, म्हणजे बांध, आणि धुऱ्यांपलीकडं चार शेजारी. बैठकीचे पंच तेच चौघं. यात गैर काहीच नाही. बाईंच्या शेताशी त्यांच्याइतका जवळचा संबंध कुणाचाच नव्हता. दरवर्षी नांगरताना प्रत्येक जण धुरा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत सरकवी. (ही चोरी नव्हे, वहिवाट.) त्यामुळं सरकारदप्तरी सहा एकर असलेलं शेत पायांनी मोजलं तर पाचच भरे.

ज्येष्ठ पंच उकंडराव म्हणाले, “कायदा शिकलं का पोट्टं घरात मायलेच सवाल करते. शेतकी घेऊ दे.”

“मले वाटते...” मुलगा म्हणाला.

“मोठे बोलून राह्यले नं? जाय, पाणी आन.”

मतदान झालं. कायद्याच्या बाजूनं शून्य, विरुद्ध चार. विद्यार्थी विहिरीवर असल्यामुळं तटस्थ धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उकंडराव प्रयागबाईंच्या ओट्यावर आले. “पारावरचं बोलनं अलग असते, बाई. त्याले कायदाच घेऊ दे. तो जगदेव माह्या धुऱ्यात घुसून राह्यला. वकील घरचा पाह्यजे.”

“मंग माहा धुरा?”

“आजच जुन्या दगडापाशी नेतो.”

दुपारी दुसरे पंच जगदेव आले, त्यांना उकंडरावांवर वकील हवा होता. संध्याकाळपर्यंत उरलेले दोघंही येऊन गेले. प्रयागबाईंनी चौघांनाही शब्द दिला. शुक्रवारी चारही धुरे जुन्या दगडांपाशी होते आणि शेत पुन्हा सहा एकर झालं होतं. एकही पुस्तक न उघडता कायद्यानं एवढं काम केल्याचं मी तरी दुसरीकडं पाहिलं नाही.

प्रयागबाई समाधानानं मुलाला म्हणाल्या, “वावर तं आलं घरात. आता कायदा कायले? शेतकीच भर, बेटा.”

त्यानं शेतकी भरली. प्रयागबाई खूश, फॉर्म वेळेत आला म्हणून शाळा खूश. पंचांनाही तक्रार करता येईना, कारण ठराव त्यांचाच होता.

त्या मुलाला काय शिकायचं होतं, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. याची मला आता लाज वाटते. पण तुम्हीही इथपर्यंत धुऱ्यांचाच हिशोब बघत आलात. त्याचं नाव मी एकदाही सांगितलं नाही, आणि तुम्हाला ते विचारावंसं वाटलं नाही.